साथीदाराची खुर्ची

आमच्या घरी 'सोचकर बोलिए' हा कार्यक्रम दोनदा व्हायचा. एकदा रात्री टीव्हीवर, आणि एकदा दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाबरोबर, बाबांच्या तोंडून. आईनं तो टीव्हीवर कधीच पाहिला नाही. ती पहाडगंजजवळच्या मराठी शाळेत भूगोल शिकवायची. यमुनापारहून पहाटेची बस पकडावी लागे म्हणून ती लवकर निजायची, आणि निवृत्तीनंतरही तिनं ती सवय सोडली नव्हती. कार्यक्रम सुरू व्हायच्या आतच तिच्या खोलीतला दिवा मालवलेला असे.

माझे बाबा, श्यामकांत, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होते. जाडजूड फाइल वाचायची, तिचं एका पानात सार काढायचं आणि वर पाठवायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं. टीव्हीवरच्या भागाचंही ते सारच काढायचे. आधी स्पर्धकाचं नाव, गाव, नोकरीधंदा. मग प्रश्न. मग चार पर्याय, एकेक करून. मग ते थांबायचे आणि कपाच्या काठावरून आईकडे बघायचे.

"बोला, चंद्रप्रभाबाई. सोचकर बोलिए."

"सोचायचं काय त्यात? चंबळ."

"नक्की?"

"बिल्कुल नक्की. तुमचा चहा निवला, तो आधी प्या."

आईचं उत्तर आल्यावरच स्पर्धकानं काय उत्तर दिलं ते बाबा सांगत. ती बरोबर आणि स्पर्धक चूक निघाला की दोघंही दिवसभर खुशीत असत. बाकीचं सगळं बाबा गाळून टाकायचे. सूत्रसंचालकाचे शेर, स्पर्धकाच्या गावाची फिल्म, टाळ्या, अश्रू. "त्याचा प्रश्नाशी काय संबंध?" असं ते म्हणत. मी मुनिरक्याला भाड्याच्या खोलीत राहून शिकले, पुढे एका सरकारी संस्थेच्या ग्रंथालयात लागले, आणि काही वर्षांनी मयूर विहारच्या या फ्लॅटमध्ये परत राहायला आले. तेव्हापासून रोज सकाळी ऑफिसची तयारी करताना स्वयंपाकघरातून हा सवालजवाब माझ्या कानावर पडायचा. मी कधी त्यात भाग घेतला नाही. तो त्या दोघांचा खेळ होता.

बाबा जानेवारीत गेले. निगमबोध घाटावर त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की शेजारच्या चितेचा नुसता रंग दिसत होता.

त्यानंतर आईनं जेवण सोडलं. रागानं नाही, ठरवूनही नाही. ताट पुढे आलं की ती त्याच्याकडे दुसऱ्याचं ताट असावं तशी बघायची. सकाळी ती नेहमीच्या जागी बसायची आणि चहावर जाड साय धरेपर्यंत बसून राहायची. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. "रिपोर्ट तो सब ठीक हैं," ते म्हणाले. "इनको बातों में लगाइए."

मी तिच्याशी बोलायचा प्रयत्न करत होते, पण आम्हा दोघींना त्याची सवय नव्हती. मग एका सकाळी तिनंच विचारलं, "काल काय झालं?"

"कशाचं काय झालं?"

"सोचकरचं."

बाबा गेल्यापासून टीव्ही लावलाच नव्हता. "उद्या सांगते," मी म्हणाले. त्या रात्री मी कार्यक्रम पाहिला, आणि सकाळी सांगायला बसले. मी प्रश्न आणि चारही पर्याय एका दमात सांगून टाकले.

"अगं, थांब की," आई म्हणाली. "मला श्वास तरी घेऊ दे. हे थांबायचे."

मी थांबले. तिनं उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं. बोलता बोलता तिनं समोरची पोळी मोडली आणि एक तुकडा तोंडात टाकला. मी तिच्या हाताकडे बघायचं टाळलं. दुसरा प्रश्न सांगितला.

त्यानंतर मी रोज रात्री कार्यक्रम पाहू लागले आणि रोज सकाळी बाबांच्या क्रमानं सांगू लागले. नाव, गाव, काम, प्रश्न, पर्याय, थांबणं. त्यांनी जे गाळलं असतं तेच मीही गाळत गेले. आई अर्धी पोळी खाऊ लागली, मग पूर्ण. दुपारचा वरणभातही जाऊ लागला. फेब्रुवारी संपता संपता ती काठी न घेता गच्चीवर जाऊन आली. डॉक्टर खूश झाले.

मार्चच्या शेवटी कार्यक्रमाचं ते पर्व संपलं. सूत्रसंचालकानं हात जोडून निरोप घेतला, वरून चकचकीत कागदाचे तुकडे पडले, आणि पुढचं पर्व पावसाळ्यानंतर येईल असं पडद्यावर आलं. दुसऱ्या दिवसापासून त्या वेळेला लहान मुलांची नाचाची स्पर्धा सुरू झाली.

मी आईला सांगितलं नाही.

एखादा दिवस ढकलावा, असं मनात होतं. सकाळी मी कर्नालच्या एका परिचारिकेला स्पर्धक केलं. प्रश्नांना तोटा नव्हता; मी दिवसभर पुस्तकांतच बसलेली असते. आईनं उत्तरं दिली, पोळी खाल्ली, आणि "बिचारी घाबरली असेल," असंही म्हणाली. दुसऱ्या दिवशी ब्यावरचा एक लाइनमन आला. तिसऱ्या दिवशी आणखी कुणी. कडू औषध गुळात घालून द्यावं तसंच हे, असं मी स्वतःला समजावलं. आई खात होती. त्यापुढे मला काही नको होतं.

आणि मग एका सकाळी विश्वनाथ पाटणकर आले.

ते नाव माझ्या तोंडी कुठून आलं, सांगता येणार नाही. स्पर्धकाचं नाव सांगायची वेळ आली आणि ते आलं, एवढंच.

"विश्वनाथ पाटणकर," मी म्हणाले. "दिल्लीचेच. सरकारी नोकरीतून निवृत्त."

आईनं हातातला घास खाली ठेवला. "मराठी?"

"हो."

"वय?"

मी बाबांचं वय सांगितलं.

"बोलतात कसे?"

"सावकाश. प्रश्न पुन्हा वाचायला सांगतात. पर्याय ऐकून घेतात आणि मग थोडं थांबतात."

जानेवारीनंतर पहिल्यांदाच आई हसली. पाटणकरांनी त्या सकाळी सगळी उत्तरं बरोबर दिली. आता त्यांना हरवायचं किंवा जिंकवून घरी पाठवायचं आणि दुसऱ्या दिवशी नवा माणूस आणायचा, हा माझा रोजचा शिरस्ता होता. पण ते मला जमेना. कार्यक्रमाचा एक नियम होता: वेळ संपल्याचा भोंगा वाजला, की खुर्चीवर असलेला स्पर्धक पुढच्या भागात तिथूनच पुढे खेळायचा.

"तेवढ्यात भोंगा वाजला," मी म्हणाले.

"म्हणजे आज आहेत?"

"आज आहेत."

हे दोन शब्द उच्चारताना मला जे वाटलं, ते इथे लिहून कुणाला कळेल असं वाटत नाही. मी मेट्रोत उभी राहिले, यमुना ओलांडली, आणि पलीकडच्या काठावर पोचेपर्यंत ते दोन शब्द मनात धरून ठेवले.

पाटणकर एप्रिलभर राहिले. सकाळी प्रश्न, थांबणं, उत्तर, आणि शेवटी भोंगा. आई कधी त्यांच्याआधी उत्तर देई, कधी त्यांच्याशी भांडे. "असं कसं म्हणाले हे? गोदावरीचा उगम माहीत नाही म्हणजे कमालच झाली," असं ती पोळी चावत म्हणे. तिच्या गालांवर मांस आलं होतं.

खालच्या मजल्यावर सरला माथुर राहतात. बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, गप्पिष्ट. एका संध्याकाळी दुधाच्या बूथवर रांगेत त्या माझ्या मागे उभ्या होत्या.

"अलका, तुम्हारे वो पाटणकर साहब! कल तो मज़ा आ गया."

मला हसू आलं. आई दुपारी बाल्कनीतून त्यांच्याशी बोलत असते. "मम्मी ने सुनाया आपको?"

"मम्मी क्यों सुनाएँगी? मैंने ख़ुद देखा." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "बस एक बात समझ में नहीं आती. इतने दिन से अकेले बैठे हैं. पीछे वाली कुर्सी ख़ाली रहती है. अच्छा नहीं लगता, यार."

मागच्या खुर्चीचा मला विसरच पडला होता. प्रत्येक स्पर्धक घरचं एक माणूस बरोबर आणायचा. साथीदार म्हणत त्याला. तो स्पर्धकाच्या पाठीमागे, वेगळ्या दिव्याखाली बसायचा. प्रश्न अवघड आला की कॅमेरा त्याच्यावर जायचा. साथीदाराचा प्रश्नाशी काही संबंध नसल्यामुळे बाबांनी त्याला कधी सारांशात घेतलं नाही. म्हणून मीही कधी घेतलं नाही. माझ्या पाटणकरांबरोबर कुणीच आलेलं नव्हतं. पण आई त्याबद्दल बोलली नसणार, कारण साथीदार नावाचा प्रकार असतो हे आईला माहीतच नव्हतं.

त्या रात्री मी टीव्ही लावला. सहासात वर्षांची एक मुलगी पंखांचा झगा घालून नाचत होती. कार्यक्रम संपेपर्यंत मी बघत राहिले. दुसरं काही लागलं नाही.

सरलाजींचं वय झालंय, असं मी ठरवलं. मागच्या पर्वातला कुणी त्यांच्या डोक्यात असेल, आणि नाव आईकडून ऐकलेलं असेल. मी बरीच वर्षं माहितीची वर्गवारी करत आले आहे. दोन नोंदी एकमेकींत मिसळणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही.

पण पुढच्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत सूर्यकांत डबा घेऊन माझ्या टेबलाशी आला. तो आमच्याकडे पुस्तकांच्या खरेदीचं काम बघतो. त्याचे वडील फौजेत सुभेदार आहेत आणि कुटुंब कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये राहतं. मयूर विहार शहराच्या एका टोकाला, आणि ते दुसऱ्या.

"अलकाताई, तुम्ही ते सोचकर बघता का हो? आमच्या आईनं डोकं खाल्लंय त्या पाटणकरांपायी."

माझा घास तोंडातच राहिला. सूर्यकांतची आई, हौसाबाई, मला एकदाच भेटली होती. आमच्या घरी ती कधी आलेली नव्हती.

"काय म्हणते?"

"म्हणते, म्हातारा लई गुणाचा. पण त्याला न्यायला कुणी येत कसं नाही? भोंगा वाजतो, लोक उठून जातात, दिवे जातात, तरी हा आपला तिथंच बसलेला. काल तर रडली. मी म्हटलं, आई, शूटिंग असतंय ते. तर म्हणते, गप बस, तुला काय कळतंय?"

"तू पाहिलंस?"

"मी कुठला? मी जिमला असतो त्या वेळी."

मी त्याला माझ्या संगणकावर वाहिनीचं संकेतस्थळ उघडून दाखवलं. पर्व मार्चमध्येच संपल्याचं तिथे स्वच्छ लिहिलं होतं.

"अच्छा," तो म्हणाला. "मग रिपीट दाखवत असतील." आणि त्यानं डब्यातलं लोणचं माझ्यापुढे केलं.

त्या रात्री मी सरलाजींकडे गेले. आमचा टीव्ही बिघडलाय म्हणून सांगितलं. त्यांच्या दिवाणखान्यात कूलर चालू होता, ओल्या वाळ्याचा वास भरला होता. पडद्यावर नाचाची स्पर्धाच होती. सरलाजी जरा ओशाळल्या.

"आज शायद नहीं है."

मी सरबत पिऊन उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये त्या म्हणाल्या, "तुम गईं, और शुरू हो गया. बैठना था न थोड़ी देर."

मी आणखी चौकशी केली नाही. जे बंद करायचं ते माझ्या हातात आहे, असं मला अजून वाटत होतं. मी सुरू केलं होतं, मीच संपवीन. त्याच सकाळी मी उलटं सांगायला लागले. आधी शेवट.

"काल पाटणकर हरले," मी म्हणाले. "सोपाच प्रश्न होता. चुकले. नमस्कार करून घरी गेले."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी वर्गात काही तरी ठोकून दिलं असावं आणि तिला ते कळलं असावं, तशी नजर होती ती.

"नाही गं. भोंगा वाजला."

"अगं, हरले. मी पाहिलं ना."

"तू नीट पाहिलं नसशील." तिनं चहाचा कप बाजूला सारला. "हे तिथंच आहेत."

आमच्याकडे आईच्या तोंडी 'हे' म्हणजे बाबा. पाटणकरांनाही ती अधूनमधून 'हे' म्हणत होती, आणि मी ते बोलण्याच्या ओघातलं समजत आले होते. आता तिनं आडनाव घ्यायचंच बंद केलं.

"एकटे कसे बसतील इतके दिवस?" ती म्हणाली. "घरचं कुणी तरी हवं ना मागे. सरला म्हणते, खुर्ची असते त्यासाठी."

तिनं त्या सकाळी काही खाल्लं नाही.

दुपारीही नाही. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर पलंगावर तिची जांभळी नारायणपेठी काढून ठेवलेली होती, आणि वर शाल.

"ही इस्त्रीवाल्याकडे दे," ती म्हणाली. "शाल लागेलच. तिथं एसी फार असतो म्हणे."

"कुठं, आई?"

मी वाटीत खिचडी आणली, तर हातानं दूर केली. "नको. पोट हलकं असलेलं बरं. मध्येच उठता येत नाही तिथून."

मे महिना लागला होता. बाहेर लू चालत होती, बाल्कनीचं रेलिंग हाताला चटका देत होतं. मी आईचा हात हातात घेतला. तो गार होता. तापातला किंवा अशक्तपणाचा गारवा नव्हे. दिवसभर वातानुकूलित खोलीत बसून आलेल्या माणसाचा हात असतो तसा, वरवर कोरडा आणि आत हाडापर्यंत गार. आमच्याकडे एसी नाही.

मी डॉक्टरांना घरी बोलावलं. नाडी मंद होती. ते रक्तदाबाचं यंत्र पुन्हा पुन्हा बांधून बघत राहिले. भरती करूया, असं ते म्हणाले. कशासाठी, ते त्यांना सांगता येईना. आईनं नकार दिला. "मला आता दुसरीकडे जायचंय," ती त्यांना हिंदीत म्हणाली, अगदी नम्रपणे.

त्यानंतरच्या सकाळी मी तिचं तोंड पुसायला ओला टॉवेल घेतला. टॉवेलवर फिकट गुलाबी रंग उतरला. मी पुन्हा पुसलं. तिच्या कपाळावर आणि डोळ्यांखाली पावडरचा पातळ, सारखा थर होता. कुणी तरी सराईत हातानं लावलेला. आईनं जानेवारीपासून पावडरचा डबा उघडला नव्हता, आणि तिच्याकडच्या पावडरीला हा रंगही नव्हता.

"पडदा ओढ," ती डोळे बारीक करून म्हणाली. "डोळ्यांवर येतोय तो दिवा."

पडदा ओढलेलाच होता.

खाली सरलाजी भेटल्या. त्या नेहमीसारख्या बडबडल्या नाहीत. माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "कल कैमरा उस कुर्सी पर गया था. कोई बैठने ही वाला था. चेहरा नहीं दिखा, बस साड़ी का किनारा दिखा." मग जरा थांबून, "बैंगनी था."

मी जिना चढून वर आले. लिफ्टसाठी थांबले नाही.

त्या दिवशी मी रजा घेतली. आईजवळ बसून राहिले. ती मधूनच ओठ हलवायची, पर्याय मनात घोळवल्यासारखे. तिच्या श्वासांमधलं अंतर वाढत चाललं होतं. प्रत्येक श्वासानंतर ती थोडी थांबायची.

मी विचार केला. वाचलेलं सगळं आठवून पाहिलं. त्याचा काही उपयोग नव्हता. एकच गोष्ट कळत होती. मी सांगितलेलं खोडता येत नव्हतं. भर घालता येत होती. पाटणकरांना उठवणं माझ्या हातात नव्हतं, पण खुर्ची अजून रिकामी होती. आई त्यावर बसलेली नव्हती, बसायच्या बेतात होती.

कुणाला बसवायचं याचा विचार मी संध्याकाळपर्यंत केला. पुतण्या. जुना मित्र. ऑफिसातला शिपाई. मी ती नावं मनात उच्चारून पाहिली, आणि त्यांतला एकही माणूस टिकेना. त्यांना वजनच नव्हतं. कल्पनेतल्या माणसाला त्या खुर्चीत बसवता येणार नाही हे मला कुणी सांगितलं नाही. मला ते कळलं.

सकाळी मी चहा केला. आईला उशीला टेकवून बसवलं आणि तिच्यासमोर बाबांच्या जागी बसले.

"काल पाटणकरांचा साथीदार आला," मी म्हणाले.

आईचे डोळे उघडले.

"कोण?"

चहाच्या वाफेपलीकडे तिचा चेहरा पावडरीनं पांढरा दिसत होता.

"त्यांची मुलगी."

खाली भाजीवाला ओरडत होता. मग तो पुढे गेला.

"बसली?"

"बसली."

"नीट?"

"नीट बसली, आई. आता ते एकटे नाहीत."

"बरं झालं," ती म्हणाली.

तिनं लांब श्वास सोडला. मग दुसरा घेतला, लगेच. मग तिसरा. तिनं हात पुढे केला आणि मी कप दिला. बोटं कपाभोवती धरली, आणि बघता बघता तिच्या नखांचा निळसर रंग गेला.

"नाश्त्याला काय आहे?" तिनं विचारलं.

मी पोहे केले. तिनं ते सगळे खाल्ले आणि लिंबू कमी पडलं म्हणून कुरकुर केली. मी भांडी घासता घासता नळ पूर्ण सोडून रडले. दुपारी डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली आणि माझ्याकडे पाहून खांदे उडवले. "चलो, अच्छा है," ते म्हणाले. मी नारायणपेठी घडी घालून कपाटात ठेवली. आईनं हरकत घेतली नाही.

रात्री मी टीव्ही लावला नाही. लवकर निजले. झोप गाढ लागली, स्वप्न पडलं नाही.

सकाळी जाग आली तेव्हा ऊन पार भिंतीवर चढलं होतं. स्वयंपाकघरातून आल्याचा वास येत होता. आई उठली होती, आंघोळ करून, केस विंचरून. तिनं दोन कप भरले आणि आपल्या नेहमीच्या जागी न बसता समोरच्या, बाबांच्या खुर्चीवर बसली. मी तिच्या जागी बसले. तिचा रंग छान उजळला होता.

"आज मी सांगते," ती म्हणाली.

तिनं बाबांच्या क्रमानं सांगितलं. नाव. गाव. काम. प्रश्न. चार पर्याय, एकेक करून. मग ती थांबली, कपाच्या काठावरून माझ्याकडे बघत. प्रश्न सोपा होता. मला उत्तर येत होतं, पण मी बोलले नाही.

"यांनी बरोबर दिलं," आई म्हणाली. "मग तो सूत्रसंचालक वळला, मागच्या खुर्चीकडे. म्हणाला, बेटी, आप आख़िर तक रुकेंगी न?"

मी कप खाली ठेवला.

"तू हो म्हणालीस," आई म्हणाली. तिनं पोळीचा तुकडा चहात बुडवला. "पण घसा किती बसला होता गं तुझा. गारठ्यानं असेल. उद्या मफलर घालून बस."

"आई," असं म्हणायला मी तोंड उघडलं. त्या सकाळचा माझा तो पहिलाच शब्द होता.

घशातून नुसती हवा आली.